कामोमेचं बूच

शिरीष टिपणीसला खोटं बोलता येत नाही. म्हणजे तो बोलतो, पण बोलता बोलता त्याचे कान लाल होतात, आणि मग ऐकणारा तोंडाकडे न बघता कानांकडेच बघत बसतो. नंदिनीने लग्नानंतर पंधरा दिवसांत हे हेरलं आणि पुढची बत्तीस वर्षं त्यावर निर्धास्त संसार केला. बँकेने तीन वर्षांसाठी योकोहामाला धाडलं होतं. ती तीन वर्षं संपल्यावर शिरीषने बँक सोडून तिथल्याच एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी धरली, आणि आता साठी उलटली तरी जोडी योकोहामातच आहे. "आणखी दोनच वर्षं हो," असं तो दर दिवाळीला सासूबाईंना फोनवर सांगतो. तेव्हाही कान लाल होत असणार, पण फोनवर ते दिसत नाहीत.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी नंदिनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बांधत होती. बाजूला एक छोटी स्टीलची डबी होती, तिचं झाकण तिने दोनदा दाबून पाहिलं.

"आज सरळ विचारून टाका त्यांना," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये येणार की नाही?"

"असं विचारत नाहीत गं इथे."

"आमच्या पुण्यात विचारतात."

"तुमच्या पुण्यात न विचारताही सांगतात."

"ते" म्हणजे हातानाका-सान. वय एक्याऐंशी, उंची पाच फुटांच्या आतबाहेर, चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत गेलेली. येत्या बुधवारी ते योकोहामातलं घर रिकामं करून पार दक्षिणेला, कागोशिमाला, लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. गुडघे गेले होते. गाडीचं लायसन्स त्यांनी गेल्या वर्षी आपणहून पोलिसांत जमा केलं होतं, आणि लेक, योको, 'या, या' म्हणून रोज फोन करून थकली होती. मागे राहत होती ती एक बोट. अर्धी हातानाका-सानची, अर्धी शिरीषची. दर नोव्हेंबरात तिला तळ्यातून वर काढून, पुसूनपासून, हिवाळ्यासाठी बांधून ठेवायचं काम दोघं मिळून करत, आणि दर एप्रिलमध्ये मिळून तिला पाण्यात सोडत. यंदाचं बांधायचं काम आज होतं. सोडायचं काम करायला दुसरा अर्धा मालक असणार का, हे काही शिरीषला ठाऊक नव्हतं, आणि आठवडाभर त्याला अन्न गोड लागत नव्हतं ते त्यामुळेच.

"ही डबी कसली?" त्याने विचारलं.

"दही आहे. निघताना त्यांच्या हातावर घाला."

"अगं, भर स्टेशनात? काय वाटेल त्यांना?"

"वाटू दे काय वाटायचं ते. माणूस लांब निघालाय," नंदिनी म्हणाली, आणि विषय संपला.

दोघांची ओळख लिफ्टमुळे झाली होती. पंधरा वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी शिरीष राहिलेली एक फाइल हातावेगळी करायला ऑफिसात गेला आणि उतरताना सातव्या नि आठव्या मजल्यांच्या मध्ये अडकला. सगळी इमारत रिकामी. घंटा दाबदाबून बोट दुखलं तेव्हा कुठे दाराबाहेरून आवाज आला. "मी हातानाका. लिफ्टवाला. एक पार्ट यायचाय, चाळीस मिनिटं लागतील. तोवर मी इथेच बसतो." घाबरू नका, धीर धरा, यातलं काही तो आवाज बोलला नाही. जेवलात का, एवढं विचारलं. मग बोलायला काही उरेना तेव्हा त्या माणसाने आपल्या बोटीचं वर्णन सुरू केलं. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली आणि सावकाश, एकेक वस्तू हातात घेऊन दाखवावी तसा, मागे मागे येत गेला. शिरीषला तेव्हा जपानी निम्मंच कळायचं, त्यामुळे बोटही डोळ्यांपुढे निम्मीच उभी राहिली. नाळ होती, इंजिन होतं, मधलं काही नव्हतं. पण त्या चाळीस मिनिटांत आपण हवेत लटकतो आहोत हे तो विसरून गेला.

दार उघडलं तर समोर करड्या गणवेशातला एक ठेंगणा गृहस्थ. त्याने टोपी काढली आणि कमरेतून वाकून अशी माफी मागितली, की जणू यानेच शिरीषला आत कोंडलं होतं. शिरीषला आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "मला ती बोट बघायची आहे."

बोट निघाली सतरा फुटी, फायबरची, मागे इंजिन लावलेली. नाव कामोमे, म्हणजे समुद्रावरचा पांढरा पक्षी. हातानाका-सानच्या जन्मगावाचं ते तळं नागानोच्या डोंगरात, समुद्रापासून इतकं आत, की तिथे असला पक्षी चुकूनही फिरकत नाही. नाव ठेवलं होतं त्यांच्या बायकोने, सुमिए-सानने. "इथे येत नाहीत ना, मग एक तरी असू दे," असं ती म्हणाली होती म्हणे. शिरीषला तिने एकदाच जवाचा गार चहा पाजला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात ती गेली, आणि नोव्हेंबरात बोट बांधायला हातानाका-सान एकटे निघालेले पाहून शिरीष न बोलावता त्यांच्या गाडीत जाऊन बसला.

त्या पहिल्या खेपेला जी चूक झाली, ती रेवदंड्याच्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. शिरीष रेवदंड्याचा. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळाच्या झापांनी शाकारतात. घरंही शाकारतात, खिडक्यांना झापं बांधतात, फटीत मिळेल ते कोंबतात. जिथून म्हणून पाणी आत शिरेल ती जागा बुजवली की माणूस चार महिने सुखाने झोपतो, हे शिरीषच्या हाडात मुरलेलं. आणि जपानच्या डोंगरातला हिवाळा नेमका उलट स्वभावाचा. तिथे पाण्याची भीती नाही, अडकलेल्या पाण्याची आहे. म्हणून बोट ठेवताना नाळ जरा उंच करायची, आणि मागे तळाशी अंगठ्याएवढं जे भोक असतं, त्याचं पितळी बूच काढून ठेवायचं. पाऊस आत गेला, बर्फ वितळून झिरपलं, तरी ते आपल्या वाटेने निघून जातं. बूच राहिलं तर पाणी साठतं, गोठतं आणि फुगतं.

हे शिरीषला कोणी सांगितलं नव्हतं. हातानाका-सानना वाटलं, एवढं काय सांगायचं. त्यांनी बूच काढून दोरीने स्टिअरिंगला टांगलं आणि ते गाडीकडे गेले. शिरीष विसरलेला मफलर घ्यायला परत आला आणि बघतो तर बोटीच्या बुडाला उघडं भोक! त्याचा जीव कळवळला. बायको जाऊन दोन महिने झालेत, म्हाताऱ्याच्या ध्यानात राहिलं नसेल. आता सांगून त्यांना कशाला लाजवा? त्याने गुपचूप बूच बसवलं, पिळून पिळून घट्ट केलं, आणि मोठं पुण्य जोडल्यासारखा घरी आला. नंदिनीला सांगितलं, तर तीही म्हणाली, "बरं केलंत."

एप्रिलमध्ये आच्छादन काढलं तेव्हा आत गुडघाभर बर्फाची लादी होती आणि मागची बाजू वरपासून खालपर्यंत तडकली होती. हातानाका-सान उकिडवे बसले. त्यांनी बुचाकडे पाहिलं, पान्याने ते काढलं, आणि गढूळ गार पाणी त्यांच्या बुटांवर आलं. "सो का," एवढंच ते म्हणाले. असं आहे होय. शिरीषने त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तो बादली शोधायला लागला. कान मात्र असे पेटले की त्यावर चहा उकळला असता. मग सगळा उन्हाळा, रविवारमागून रविवार, तो त्यांच्याबरोबर तळ्यावर जात राहिला. फायबरचं कापड चिकटवायचं, वाळवायचं, घासायचं. अंगाला खाज, नाकात भुकटी. सप्टेंबरात काम पुरं झालं तेव्हा हातानाका-सानने बोटीच्या कागदावर त्याचंही नाव घातलं.

पण बूच! त्या वर्षापासून दर नोव्हेंबरात बूच ते स्वतः काढत, फडक्याने पुसत, कोटाच्या आतल्या खिशात टाकत आणि योकोहामाला घेऊन जात. एका नववर्षाला शिरीष-नंदिनी त्यांच्याकडे गेले तर ते बूच देव्हाऱ्यात, सुमिए-सानच्या फोटोशेजारी ठेवलेलं! नंदिनीला हसू आलं. शिरीषच्या मात्र काळजात काहीतरी टोचलं. पुढच्या वर्षांत हातानाका-सानने त्याला बोट चालवू दिली, घराची एक किल्ली दिली, हॉस्पिटलच्या फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून त्याचं नाव लिहिलं. बूच मात्र चौदा वर्षांत एकदाही त्याच्या हातात दिलं नाही. त्यांनी ओळखलंय, शिरीष मनाशी म्हणे, आणि ते विसरलेले नाहीत.

शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, मग दोन डब्यांची लोकल गाडी, मग टॅक्सी, असं करत दोघं दहाला तळ्यावर पोचले. लार्चची सूचिपर्णी झाडं पिवळी होऊन त्यांच्या सुया सगळीकडे पसरल्या होत्या, हातानाका-सानच्या टोपीवरसुद्धा. पलीकडच्या डोंगरावर पहिलं बर्फ पडलेलं होतं. कामोमे धक्क्याला बांधलेली होती, आणि तिच्या अंगावर हिरवट शेवाळ धरलं होतं.

कप्पीच्या दोरीने बोट उतारावरून वर ओढायची, हे पहिलं काम. कप्पी नेहमी हातानाका-सान फिरवत आणि शिरीष मागून नुसता आधार दिल्यासारखं करी. आज त्यांनी दांडा त्याच्या हातात दिला. "आज तुम्ही."

"मी?"

"घाई करू नका. चार फेरे, मग थांबायचं. दोरीचा आवाज ऐकायचा."

बोट वर आली. शेवाळ दोघांनी मिळून घासलं. हातानाका-सान स्टुलावर बसून खालची बाजू घासत होते आणि दर पाच मिनिटांनी गुडघा चोळत होते. मग इंजिन. इंजिनच्या पाण्यात बुडणाऱ्या पायातलं जुनं तेल काढून नवं भरायचं असतं. जुन्या तेलात पाणी शिरलेलं असलं तर ते दुधासारखं दिसतं, आणि तसंच सोडलं तर हिवाळ्यात तेही गोठून लोखंड फोडतं. हे काम चौदा वर्षं शिरीषने मागे उभं राहून, कंदील धरल्यासारखा टॉर्च धरून, पाहिलं होतं. आज टॉर्च हातानाका-सानने धरला.

"खालचा स्क्रू आधी. हं. मग वरचा. आता तेलाला बोट लावून बघा. काळं आहे की पांढरं?"

"काळं."

"मग ती बरी आहे." ते बोटीबद्दल बोलताना घरातल्या बाईबद्दल बोलल्यासारखं बोलत.

नंतर बॅटरी. आधी कुठली तार सोडायची, नंतर कुठली. मग मधे बांबूचा कणा उभा करून त्यावर ताडपत्री, उतरत्या छपरासारखी, म्हणजे बर्फ वर साठत नाही, घसरतं. दोन्ही टोकं उघडी, म्हणजे हवा खेळते. मग गाठी. प्रत्येक गाठ हातानाका-सानने त्याला स्वतः घालायला लावली, एक सोडून पुन्हा घालायला लावली. घरी नव्या आलेल्या सुनेला सासू एकेक डबा उघडून दाखवते, यात मेथ्या, यात हिंग, तशी ही सगळी तऱ्हा होती. सुनेला ते बरं वाटतं, कारण सासू कुठे जाणार नसते. शिरीषची ही सासू मात्र बुधवारी निघणार होती. किती वर्षं त्याला वाटायचं, आपल्याला एकदा तरी हे करू द्यावं! आणि आज ते हातात येत होतं तेव्हा त्याला हात मागे घ्यावेसे वाटत होते.

जेवायला दोघं धक्क्यावर बसले. हातानाका-सानने पुरीवर लिंबाचं गोड लोणचं पसरलं. हे लोणचं त्यांना इतकं आवडे की एकदा त्यांनी ते भाताच्या मुटक्यात भरून खाल्लं होतं.

"नंदिनी-सानला सांगा, यंदाचं लोणचं जास्त चांगलं आहे."

"तुम्ही दर वर्षी हेच म्हणता."

"दर वर्षी खरंच असतं."

शिरीषने तोंड उघडलं. एप्रिलमध्ये येणार का? साधं वाक्य, जपानीत चार शब्दांचं. तो म्हणाला, "चहा घेणार का?"

दोन वाजता सगळं आटोपलं. एकच काम राहिलं. हातानाका-सान बोटीच्या मागे गेले, एक हात तिच्यावर ठेवून वाकले, अर्ध्यात थांबले आणि परत सरळ झाले. गुडघा पुढे जाईना.

"शिरीष-सान," ते म्हणाले, "काढा तुम्ही."

पाना घेऊन शिरीष गारठलेल्या गवतावर बसला. बूच तीन आट्यांत सैल झालं. आतून पाण्याची बारीक धार आली, तिच्याबरोबर लार्चच्या दोन सुया, मग थेंब, मग तेही थांबलं. बूच त्याच्या तळहातावर होतं. अंगठ्याएवढं पितळ, वर्षानुवर्षं पुसून सोन्यासारखं झालेलं. त्याने ते सदऱ्याच्या टोकाला पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

हातानाका-सानने घेतलं नाही. "या वर्षी तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले.

झालं. ज्याच्यासाठी चौदा वर्षं जीव टांगणीला लागला होता ते हे, आणि शिरीषला ते विस्तवासारखं वाटलं. ते येणार नाहीत. त्याने मुठीत बूच धरलं आणि जे कधी बोलला नव्हता ते भडाभडा बोलून टाकलं.

"हातानाका-सान, त्या पहिल्या वर्षी बूच मी लावलं होतं. मला वाटलं, तुम्ही विसरलात. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आणि नंतर तर तोंडच राहिलं नाही. बोट माझ्यामुळे फुटली. मला माफ करा." आणि तो गवतावर बसल्या बसल्याच वाकला.

हातानाका-सानने टोपी काढून तिच्यावरच्या लार्चच्या सुया झटकल्या. मग म्हणाले, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तेव्हाच कळलं. तुमचे कान." त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. "मी चाळीस वर्षं दाराआड अडकलेल्या माणसांशी बोललो. समोर दिसणारा माणूस त्यापेक्षा सोपा."

"मग तुम्ही मला कधीच... बूच कधीच माझ्याकडे दिलं नाहीत. मला वाटलं, माझा भरवसा नाही."

हातानाका-सान खरोखर चकित झाले. ते स्टूल ओढून शिरीषच्या समोर बसले, अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल असे.

"त्या हिवाळ्यात मी बोट विकणार होतो," ते म्हणाले. "सुमिए नाही, तर कशाला? एप्रिलमध्ये बघायला एक माणूस येणार होता, ठरलं होतं. योकोला वाटायचं, मी योकोहामाचं घरही सोडावं. मलाही वाटायचं. रविवारी सकाळी उठायला कारण नव्हतं. मग आपण दोघं आलो आणि बोट फुटलेली. फुटकी बोट कोण घेणार? त्या माणसाला मी नको सांगितलं. आणि मग तुम्ही दर रविवारी सहा वाजता माझ्या दाराशी. मला उठावंच लागे."

शिरीषने मूठ उघडून बुचाकडे पाहिलं.

"उन्हाळा संपला, तेव्हा कळलं की आपण वर्षभर जगलो. ते बूच मी सुमिएला दाखवायला घरी नेलं. तिला सांगितलं, हे बघ, यामुळे. मग ते तिथेच राहिलं. दर हिवाळ्यात मी तिच्याशेजारी ठेवतो. ते तुमचं बूच नाही का! मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

चौदा वर्षं! एक माणूस लाजेने मान खाली घालून बसला होता, आणि दुसरा त्याच वस्तूपुढे हिवाळाभर रोज सकाळी उदबत्ती लावत होता, आणि दोघंही दर रविवारी एकाच बोटीत बसून मासे कुठे आहेत यावर वाद घालत होते. शिरीषच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने थांबवलं नाही. जपानात मोठ्या माणसाने असं रडायचं नसतं, रेवदंड्यातही नसतं. हातानाका-सानने खिशातून इस्तरीची घडी घातलेला रुमाल काढून दिला आणि तळ्याकडे बघत राहिले.

रुमाल परत देताना शिरीषने तो हातानाका-सानच्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतःच ठेवला. त्याच्याबरोबर बूचही.

"हे काय?"

"माझं आहे ना? मग मी कुणाकडे ठेवायचं ते मी ठरवणार," शिरीष म्हणाला. "तुमच्याकडे राहू दे. एप्रिलमध्ये घेऊन या. बुचाशिवाय बोट पाण्यात जात नाही."

"शिरीष-सान, कागोशिमा फार लांब आहे."

"माहीत आहे."

"गुडघे."

"तेही माहीत आहे. तुम्ही येईपर्यंत ती इथेच बसेल. मे झाला तरी चालेल, जून झाला तरी चालेल."

हातानाका-सानने कोटावरून खिसा चाचपला. स्टेशनाशेजारच्या मासेमारीच्या दुकानात असली बुचं पुठ्ठ्याला टाचून दारातच लटकवलेली असत. दोघंही सकाळी त्यावरूनच आले होते. पण त्या दुकानाचं नाव दोघांपैकी कोणीही काढलं नाही.

लोकल गाडीच्या फलाटावर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. शिरीषने पिशवीतून ती स्टीलची डबी काढली. नंदिनीसमोर लाजला होता, आता नाही लाजला.

"हात पुढे करा. उजवा."

हातानाका-सानने केला. त्या हातावर तेलाचा काळा डाग अजून होता. शिरीषने चमच्याने त्यावर दही घातलं.

"हे आमच्याकडे निघालेल्या माणसाच्या हातावर घालतात. नंदिनीने दिलंय."

"कशासाठी?"

"माणूस सुखरूप परत यावा म्हणून."

हातानाका-सानने हाताकडे पाहिलं. लिफ्टचा एखादा नवा, कधी न पाहिलेला भाग तपासावा तसं लक्षपूर्वक पाहिलं. मग हात तोंडाशी नेऊन ते चाटून घेतलं, शेवटपर्यंत, तेलाच्या डागासकट.

"आंबट आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चांगलं आहे."

गाडीत ते लगेच झोपले. डोकं शिरीषच्या खांद्यावर आलं. एक हात कोटाच्या आत होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी योकोचा फोन आला. शिरीषने आधी 'हातानाका-सान?' एवढंच विचारलं. तिने याआधी कधी फोन केला नव्हता.

"नाही, नाही, बाबा बरे आहेत," ती घाईने म्हणाली. "पण काय सांगू तुम्हाला! आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. बाबा रोज सकाळी आईच्या फोटोपुढल्या त्या बुचाला नमस्कार करतात आणि जिन्याने खाली जातात. मग जिन्याने वर येतात. लिफ्ट चांगली चालू आहे! शेजारी मला विचारतात, लिफ्ट बिघडली का? चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, आणि जिना चढतोय. पहिल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबायचे. काल पाचव्यापर्यंत आले. डॉक्टर म्हणतात, करू द्या. पण ते म्हणतात, एप्रिलमध्ये बूच पोचवायचंय, तळ्यावरच्या उतारावर उभं राहता आलं पाहिजे."

शिरीषने भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान उलटून पाहिलं.

"टिपणीस-सान, मला त्यांच्या प्रवासाची काळजी वाटते," योको म्हणाली. "मी इंटरनेटवर पाहिलं. तसलं बूच कुठेही मिळतं, दोन दिवसांत घरी येतं. तुम्ही एक नवीन मागवा आणि बाबांना सांगा ना, की मिळालं म्हणून. तुमचं ते ऐकतील."

समोर नंदिनी बसली होती. शिरीषने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही हो, योको-सान," तो म्हणाला. "मी सगळीकडे चौकशी केली. त्या मापाचं बूच आता कुठेच मिळत नाही. त्यांनाच आणावं लागेल. मी स्वतः येतो कागोशिमाला, त्यांना घ्यायला."

नंदिनीने त्याच्या कानांकडे पाहिलं. दोन्ही लालबुंद झाले होते. ती दुधाला विरजण लावायला उठली.